तिसऱ्या पाळीचा डबा

रात्री अडीचला डबा उघडतो.
ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा,
कोपऱ्यात गुळाचा खडा.
तो उत्पला ठेवते, मी मागत नाही.

काचेपलीकडे टर्बाइन, मिनिटाला तीन हजार फेरे.
एकतीस वर्षांत ती ऐकू येईनाशी झाली,
थांबली तरच ऐकू येते.

बारावीला बायोलॉजी आहे पोरीला.
परवा जेवताना म्हणाली, बाबा,
तुमचं कोराडी जे करते ना,
ते मी बसल्या बसल्या करून राह्यली.
म्हटलं, मग बिल कोण भरते?

बिलाच्याच पाठीवर तिनं काढून दाखवलं:
साखरेचा रेणू, सहा मण्यांचा,
पेशीच्या अंगणातच मोडून दोन तुकडे,
तिथली कमाई आगपेटीच्या काडीएवढी.
खरं काम आत, तंतुकणिकेत.
नाव तिनं दोनदा घेतलं, मला एकदाही जमलं नाही.
आत तुकड्यांचा कार्बन सुटतो
आणि नाकावाटे निघून जातो.
"म्हणजे कालची भाकर आज श्वासातून जाते, बाबा.
लोकांना वाटते, सगळी संडासातून जाते."
बायको म्हणाली, जेवताना बोलू नये असं.

आमच्याकडं उमरेडचा कोळसा येतो,
पिठासारखा दळून फुंकला की एका दमात पेटतो,
भट्टीत डोकावायला निळी काच लागते.
इथं ज्वाळ नाही.
इथं आगीची चिल्लर करतात.
एकाच्या हातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या
इलेक्ट्रॉन पायरी पायरी उतरतो,
आणि त्या उतरण्याच्या जोरावर
पडद्यापलीकडे प्रोटॉन साचत राहतात,
तोतलाडोहाच्या भिंतीमागं पाणी साचावं तसे.
मग ते परत येतात एकाच अरुंद दारानं
आणि त्या दारात
(तिनं पेन्सिल थांबवली)
दारात एक चाक आहे.
खरंखुरं, आसाभोवती फिरणारं.
सेकंदाला शंभरावर फेरे.

मी मनात गुणाकार केला.
मिनिटाला सहा हजार.
आमच्या युनिटच्या दुप्पट.
बेअरिंग कोणतं, विचारलं. तिला माहीत नव्हतं.

या चाकावर पडते ती चिल्लर साठवता येत नाही म्हणे.
घडवायची, खर्चायची,
झिजलेलं नाणं पुन्हा टांकसाळीत.
हे मला लगेच समजलं.
आमचा मालही गोदामात राहत नाही.

मग विचारलं, त्या इलेक्ट्रॉनचं शेवटी काय होते?
सगळ्यांचे हात फिरून झाल्यावर?
शेवटी ऑक्सिजन उभा असतो, ती म्हणाली,
तो घेतो, त्याचं पाणी होते.
आणि तो नसला तर?
तर शेवटच्याचे हात भरलेलेच राहतात.
मग त्याच्या मागच्याचे.
रांग थांबते, बाबा. चाक थांबते.

घास माझ्या हातातच राहिला.

झनकलाल उईके, कोळशाच्या पट्ट्यावर बावीस वर्षं.
मेडिकलच्या वॉर्डात, बोटाला चिमटा,
आकडा एकाहत्तर. मग अडुसष्ट.
सकाळी बायकोनं दोन चमचे पोहे भरवले होते,
तर्री नाही म्हणून तो रुसला होता.
साखर होती त्याच्यात. कोळसा होता.
मी पायथ्याशी उभा.
मला वाटलं, दमला आहे,
पट्ट्यावरून आल्यावर दमायचा तसा,
थोडा झोपला की होईल ठीक.
आत त्याच्या कोटी कोटी हात
भरलेले, पुढं केलेले,
आणि घ्यायला कुणी नाही.

उत्पलाला हे सांगितलं नाही.
तिला पेपर आहे सोमवारी.

गूळ जिभेवर ठेवतो, चावत नाही.
तीनचं रीडिंग घ्यायचं आहे.
त्याआधी लोखंडी जिन्यावर येऊन उभा राहतो.
खाली तलाव काळा, वर चिमणीचा लाल दिवा.
श्वास घेतो.
राखेचा वास येतो,
तरी घेतो.