नमुना

धंतोलीच्या लॅबमध्ये, सकाळी सात वाजता,
टोकन चौतीस.
हातात काठी, पांढरा अंबाडा, खांद्यावर पदराला
अजूनही तीच पिन.
मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
कुमुद वासुदेव डांगोरे, वय एक्याऐंशी,
उपाशीपोटी साखर.

बाईंनी मला ओळखलं नाही.
कशाला ओळखतील,
पाचपावलीच्या त्या शाळेत, दुसरी ब मध्ये,
आम्ही बासष्ट जण होतो
आणि मी फळ्यापासून सगळ्यात लांब.

'बाई, मले सुसू लागली.'
एवढंच म्हणालो होतो.
'मले नाही, मला. मला म्हण, मग जा.'
जिभेवर शोधला तो शब्द. सापडेना.
घरी कुणाकडेच नव्हता.
मागावर बसून धोटा फेकणाऱ्या बापाकडे नव्हता,
कांड्या भरणाऱ्या आईकडे नव्हता,
अख्ख्या गल्लीत माग खटखटायचे
तेसुद्धा मले-तुले, मले-तुले.

'मले...'
'मला!'
वर्ग हसत होता. बाई टेबलावर पट्टी वाजवत होत्या
ताल धरल्यासारखी.
मग कुणी हसेना,
कारण ते खाली वाहत वाहत
हेमराजच्या पाटीपर्यंत पोचलं होतं.

'नमुनाच आहे नुसता,' बाई म्हणाल्या.
मदतनीस रंभाबाई फडकं घेऊन आली,
ते तिनं माझ्याच हातात दिलं.
'तुयं तूच पूस.'
तीही आमच्याच गल्लीतली, मले-तुलेवाली,
पण बोलताना बघत होती बाईंकडे.
पाटीही मीच पुसली. हेमराजनं ती परत घेतली नाही.
सुट्टीपर्यंत दाराशी उभा होतो.
नागपुरातला मार्च. चड्डी लवकर वाळली.

'मला' शिकलो मी. चांगलाच शिकलो.
इतका, की फोनवर आई विचारते,
कोन बोलून राह्यलं?

'मूठ आवळा, आजी.'
शीर सापडत नव्हती. कातडी
पतंगाच्या कागदासारखी, आणि त्यावर
मागच्या खेपेचा निळा डाग.
मी पट्टा बांधत होतो तेव्हा म्हणाल्या,
'किती शुद्ध बोलता हो तुम्ही!
आजकालच्या मुलांना कुठे येतं असं.
कुठल्या शाळेत होतात?'
मी म्हणालो, थोडं टोचेल.

सुई दिसली आणि बाईंनी डोळे गच्च मिटले.
'हळू टोचजो बाप्पा,
मले भेव लागते.'

मले.

कुठे ठेवला होता हा शब्द यांनी इतकी वर्षं,
कुठल्या ट्रंकेत, कुठल्या डांबरगोळ्यांखाली?
आणि कुणी म्हटलं होतं यांना,
मला म्हण, मग जा?

माझ्या दातांमागे तर वाक्य तयार होतं,
बत्तीस वर्षं घासून चकचकीत केलेलं.
मला म्हणा, मग टोचतो.

नाही बोललो.
मोठेपणा वगैरे काही नाही त्यात. ट्यूब भरत होती,
अशा वेळी हात हलू द्यायचा नसतो.

कापूस दाबून धरायला सांगितला.
लेबलवर नाव लिहिलं, वर छापलेलं असतंच,
नमुना क्रमांक.
काठी टेकत गेल्या. दारातून वळून म्हणाल्या,
'कळलंच नाही हो टोचलेलं.'

दुपारी रिपोर्ट आला. तीनशे बारा.
वाचून बरं वाटलं थोडं. खोटं कशाला सांगू.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं,
तेही थोडंच.

रात्री पाचपावलीला गेलो, आईकडे.
पंख्याखाली बसलो आणि म्हणून पाहिलं,
'मले पानी दे.'
शब्द आला, पण उंबऱ्यातच थांबला
पाहुण्यासारखा, चपला न काढता.
आईनं पाणी दिलं.
गिलास हातात येईपर्यंत बघत राहिली माझ्याकडे.
मग म्हणाली,
कोनाची नक्कल करून राह्यला रे?