चार पॉइंट दोन

राजमहेंद्रीचा ट्रक वसमत रोडला थांबला होता, झाडं घेऊन.
पोरगा म्हणाला, अम्मा, बॉटल पाम. मरत नाही.
मरत नाही, असं मी वॉर्डात
एकतीस वर्षांत कुणाबद्दलच म्हटलं नाही.
तरी घेतला. सहाशेचा साडेचारशेला.

आधी काळी माती उपसली. पाणी धरून बसते ती,
सोडायचं नाव घेत नाही.
मुरूम भरला, वाळू, जुनं शेणखत.
परभणीत नळ आठव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं पाणी याचं,
डाळीचं मोगऱ्याचं.

तिसऱ्या वर्षी खोड बुडाशी फुगलं,
सातव्या महिन्यातल्या पोटासारखं.
पानं मोजून पाच.
खालचं पिवळं पडलं तरी कापायचं नाही,
जाता जाता ते वरच्याला काहीतरी देत असतं.

गल्लीतले दुधाटे विद्यापीठाच्या वेधशाळेत.
रात्रीचा नीचांक लिहून येताना
सायकल माझ्या फाटकाशी टेकवतात.
नऊ पॉइंट एक, सिस्टर.
सात पॉइंट सहा.
मग मी चार बांबू रोवते, वरून पोतं,
आत साठचा बल्ब.
समोरची राहीबाई हसते,
तुळशीला पणती नाही अन् ह्याला लाइट लावायल्या!

त्या रात्री अकराला लाइट गेली.
मी गोळी घेऊन झोपलेले.
सकाळी दुधाटेंनी घंटी वाजवली नाही.
नुसते उभे.
चार पॉइंट दोन.

पानं उकडल्यासारखी झाली, ती होणारच.
पण नवव्या दिवशी मधला कोंब,
मिटलेल्या छत्रीसारखा,
दोन बोटांत धरला
तर हातातच आला.
बुडाशी चिकट. आणि तो वास.
ओळखते मी तो,
शुगरवाल्यांच्या पायाचा.

आंबा छाटला तर बाजूनं फुटतो.
याला एकच डोळा, तोही वर,
दुसरी वाट नाही.

कपाटात ड्रेसिंगचं पेरॉक्साइड होतं.
त्या भोकात ओतलं.
फेस आला, फसफसत कडेवरून उतरला.
मी ओट्यावर बसून ऐकत राहिले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. फेस थोडा.
चौथ्या दिवशी ओतलं ते
नुसतं पाणी ओतल्यासारखं, गप्प.

त्यानंतर काहीच करायचं नव्हतं.
पाणी नाही, खत नाही, हात लावणं नाही.
हे मला कधीच जमलं नाही,
ड्यूटीवरही नाही.

तुटक्या कडेवर बॉलपेननं रेघ मारली,
प्लास्टरवर तारीख टाकतात तशी.
फेब्रुवारी गेला. होळीची राख थंड झाली.
दुधाटे आता सायकल थांबवत नाहीत,
चालत्या सायकलवरून ओरडतात, एकोणचाळीस!

काल संध्याकाळी चष्मा लावून पाहिलं.
रेघेचा मधला तुकडा
दोन्ही बाजूंना सोडून
वर सरकलाय. नखाच्या चंद्राएवढा.

आज दुधाटे गेले, बेचाळीस म्हणाले.
मी हात हलवला फक्त.
पहिल्या दिवशी
नातेवाइकांना काही सांगत नसतात.