न पिकलेलं

द्रोणागिरीच्या यार्डात, प्लग पॉइंट सत्तावीसवर
कंटेनर घुरघुरतोय, पेंगुळलेल्या म्हशीसारखा.
आत चार अंश, बाहेर छत्तीस.
आत साडेसहाशे खोकी, खोक्यांत पातळ लाकडी डब्या,
डबीत एकेक मऊ पांढरं चीज,
ज्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही
आणि ज्याचा आकडा झोपेतही येतो :
शून्य चार, शून्य सहा.

इथवर सगळ्यांचं एकमत.
भांडण पुढच्या दोन आकड्यांचं.
एक-शून्य : ताजं, न पिकलेलं.
नऊ-शून्य : इतर.
वाशीच्या नौशीर शेठनी एक-शून्य भरलंय,
त्या ओळीला सवलत आहे म्हणतात.

केळुसकर साहेब डबी उघडतात.
अंगठा दाबतात.
खड्डा पडतो, आणि सावकाश, जणू विचार करत,
भरून येतो.
‘साल धरलीय, घरत मॅडम. पिकलंय हे.’
मी म्हणते, साहेब, इनव्हॉइसवर फ्रेश छापलंय.
‘उरणच्या बाजारात तिसऱ्या दिवसाच्या बोंबलालाही
ताजा, ताजा म्हणूनच ओरडतात.’

तीन नमुने काढले. लाख वितळवली, शिक्के मारले.
एक लॅबला, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे,
ऑफिसच्या फ्रिजमध्ये, प्रज्योतच्या ताकाशेजारी.
लॅबनं विचारलं, ओलावा किती, स्निग्धांश किती,
बुरशी मुद्दाम घातलेली
की आपली आपण आलेली?
हा प्रश्न पाठवायला त्यांना अकरा दिवस लागले.

अकरा दिवस चीज काय करत होतं?
अंधारात, चार अंशांत,
कुणाच्याही सहीची वाट न बघता
कडेकडून आत आत
पिकत होतं.

रात्री जेवताना हे सांगितलं तर बाबा हसले.
त्यांना चीज माहीत नाही, पिकणं माहीत आहे.
त्यांची तीन कुंड्यांची मिठागरी होती, करळच्या अंगाला;
भरतीचं पाणी घ्यायचं, बांध लावायचा,
मग उन्हाला त्याचं काम करू द्यायचं.
बंदरासाठी मोजणी झाली तेव्हा
कुणीतरी बांधावरच उभं राहून
सातबाऱ्यावर लिहिलं : पोटखराबा.
म्हणजे ज्यात पीक येत नाही ती.
बाबा तलाठ्याला म्हणाले होते,
‘मीठ पिकतं, भाऊ. बनत नाय, पिकतं.
पिकतं बोलतो ना आपण?’
तलाठी म्हणाला, बोलतो.
आणि रकाना तसाच ठेवला.

नेमकं कुठे होती त्यांची कुंडी,
आता सांगता येत नाही. भराव वीस फूट.
प्लग पॉइंट सत्तावीस असेल, नसेलही.
मी विचारत नाही. तेही यार्ड बघायला येत नाहीत.

आज बाविसावा दिवस. विजेचं भाडं रोज वाढतंय,
शेठचा फोन तासातासाला.
मी उत्तराचा मसुदा टाइप करते :
माल बंदराला लागला त्या तारखेस
तो ताजा, न पिकलेला होता.
खोटं नाही हे. त्या तारखेस होता, बहुतेक.
आमचा नमुना काढून बघितला :
लाखेखाली डबी फुगलीय,
ताकाला तिचा वास लागलाय, प्रज्योत वैतागलाय.

केळुसकर साहेबही लिहीत असतील, पलीकडच्या इमारतीत.
तेही खोटं लिहिणार नाहीत.
त्यांच्या तारखेला ते पिकलेलं.

बाबांनी भाताचा शेवटचा घास घेताना
एवढंच विचारलं होतं,
‘खारट असतं का गं ते?’
मला माहीत नव्हतं.
नमुना चाखायचा नसतो.