नमुना

महिन्यातून एकदा, द्वादशीला,
मी खाडीचं पाणी आणायला जातो.
बर्फाचा डबा, दोन लिटरची बाटली,
अंगात कंपनीचं हिरवं जाकीट.
पाठीवर छापलंय: किनारा आमचा, काळजी आमची.
मला ते वाचता येत नाही, मागून येणाऱ्याला येतं.
भोईवाडीत मला म्हणतात, आला बघा कंपनीचा नमुना.

द्वादशीच का, ते सांगतो.
तिथीला पाऊणनं गुणायचं,
बारा पाऊण नऊ,
नऊ वाजता भरती पुरी.
हा हिशेब बापानं मला शिकवला,
वल्ह्याच्या मुठीवर बोटं आपटत,
आणि मी तो सोहोनी मॅडमना.
भरल्या पाण्यात सगळंच बरं दिसतं, त्या म्हणाल्या,
आणि हिशेब वहीत टिपून घेतला.
सात वर्षं झाली, माझं पाणी नापास झालेलं नाही.

जेटीखाली येसूकाकी असते,
तिसऱ्यांची टोपली घेऊन, पाणी उतरायची वाट बघत.
"काय रं, कंपनी पिनार हाय काय ह्या पानी?"
तपासायला नेतोय, काकी.
"मंग वरसून वरसून कशाला भरतंस?
चिखलाला इचार. माज्या पायांना इचार."
तिचे पाय मी बघतो
आणि बाटलीचं बूच आवळतो.

खोटं नाही बोलणार.
सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन कंपनीनं दिलं,
आठवड्यातून दोनदा बाप त्याला जोडलेला असतो.
कडेला तेच चिन्ह, हिरवं पान.
चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन आत येतं.
"हीपन भरती-ओहोटीच की रं," तो एकदा म्हणाला
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पाच जूनला पाहुणे आले, गमबूट घालून,
चिपीची दोनशे रोपं लावून गेले.
तिथं आधी चिपीच होती,
जेटीचा रस्ता रुंदावताना तोडलेली.
फोटोत मी कडेला आहे, अर्धा.
पण रुजलीत काही. एकशे बारा.
मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही.

या द्वादशीला दवाखान्यातली वीज गेली,
जनरेटर सुरू होईस्तोवर बापाचा नंबर लांबला.
मी जेटीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते.
खाडी निघून गेलेली.
चिखल उघडा, होड्या कुशीवर,
आणि पलीकडे, भरतीत कधी न दिसणारं,
पायपाचं तोंड.
मला ते ठाऊक नव्हतं असं नाही.
लहानपणी आम्ही तिथंच चिंबोऱ्या धरायचो,
पाइप नंतर आला.

उद्या येतो म्हणून परत फिरता आलं असतं.
त्रयोदशी, पावणेदहा.

जाकीट काढून जेटीवर ठेवलं.
गुडघाभर चिखलातून गेलो, ओहळाशी वाकलो.
पाण्याला रंग नव्हता, वास होता,
ओल्या काडेपेटीचा.
येसूकाकी जवळ आली.
पहिल्यांदाच काही बोलली नाही,
बाटलीचं बूच हातात धरून उभी राहिली.

फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो: शेरा.
सात वर्षं तिथं मी आडवी रेघ मारलीय.
या वेळी लिहिलं: ओहोटी.
अक्षर जरा मोठंच आलं, रकान्याबाहेर गेलं.

मॅडमनी फॉर्म वाचला.
पुन्हा वाचला. "हे तू लिहिलंस?"
हो.
पिंडऱ्यांवरचा चिखल वाळून ताणत होता,
मी खाजवला नाही.
बाबा कसे आहेत, त्यांनी विचारलं.
बरे आहेत, म्हटलं.
मग त्या पेनाचं टोपण शोधू लागल्या,
टेबलावर, फायलींखाली, खणात,
बराच वेळ.
टोपण त्यांच्या डाव्या हातात होतं.