शून्य आणि आडवी रेघ

तीस वर्षं रेसकोर्स रोडच्या कोर्टावर
मी स्कोअरच्या टेबलाशी बसलो,
डोळे पोरांच्या बनियनवरच्या नंबरांना चिकटलेले.
पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा-चौथा निळ्याने.
बास्केट झालं की आकड्यावर तिरकी रेघ,
फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका,
तीनचं टाकलं तर टाकणाऱ्याच्या नंबराभोवती गोल.
सामना संपला की खाली दोन जाड रेघा, आणि सही.
कोण धडपडलं, कोण नळाखाली तोंड धुता धुता रडलं,
याला रकाना नव्हता.
दिवसभर लोकांचे मीटर उतरवून घेणाऱ्याला
त्याचं काही वाटतही नसे.

आता पहाटे साडेचारला गुडघे चोळत उठतो
आणि नातवाचा टाकून दिलेला फोन उघडतो.
आमच्या रामबागेतली, समोरच्या जिन्यावरची शाल्मली
पोर्तुगालच्या कुठल्याशा बंदराच्या गावी
पगारावर बास्केटबॉल खेळते.
सामना इकडे दिसत नाही.
तक्ता दिसतो. त्यात तिची एक ओळ.

सहाला वैजयंती येते, तिची आई,
हातात दुधाची पिशवी, थेंब गळतायत.
“किती केले?”
“चार.”
“एवढ्या लांब जाऊन चारच?”
मी चष्मा पुसतो.
अगं, हे सहा बघ, रिबाउंड :
दुसऱ्यांचे हुकलेले चेंडू हिने उडी मारून ताब्यात घेतले.
हे पाच, असिस्ट : बास्केट दुसरीचं, वाट हिने काढून दिली.
टर्नओव्हर एक. एकदा दूध उतू गेलं म्हण.
आणि हे शेवटचं, अधिक अकरा :
ही मैदानात होती तेवढ्या वेळात
टीम किती पुढे सरकली ते.
ती थोडी थांबते.
“म्हणजे घरात कोण असताना बरं चालतं, ते?”
तसंच काहीसं.
“मग हे सगळ्यात शेवटी का लिहितात?”

हिवाळ्यात त्यांनी एक उंच, नवी पोरगी आणली.
शाल्मलीची मिनिटं चौदाची नऊ झाली, नऊची चार,
आणि एका पहाटे नावापुढे नुसती आडवी रेघ.
“आज विश्रांती दिलीये,” मी म्हणालो.
वैजयंतीने फोन माझ्या हातातून घेतला,
डोळ्यांपासून लांब धरला.
“काका, शून्य असतं तर ती उतरली असती.
ही रेघ आहे.”
मीच शिकवलं होतं.

तिला सांगितलं नाही, कुणालाच नाही, ते असं :
सोळा वर्षांखालच्या निवडीच्या सामन्यात
एकेचाळिसाव्या-बेचाळिसाव्या गुणापुढे
मी ९ ऐवजी ६ लिहिला.
डाव्या हातात चहाचा ग्लास होता, एवढंच कारण.
नऊ नंबर शाल्मलीचा. सहा नंबरची मुलगी संघात गेली,
ही पुढच्या वर्षी.
दोन्ही कर्णधारांनी सह्या केल्या.
बेरीज बरोबर होती,
म्हणून कुणाला कळलं नाही.
तो कागद माझ्या कपाटात आहे,
विजेच्या जुन्या बिलांच्या खाली.

तीन आठवडे रेघ.
वैजयंती यायची, बघायची, दूध घेऊन परत जायची.
बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या,
त्याचा रकाना असता, तर मीच भरला असता,
लाल पेनाने.

आज पाच वाजता तक्ता उघडला.
टीम बावीसने हरली.
शाल्मली : मिनिटं दोन. टाकले एक, गेले नाही एकही.
गुण शून्य. रिबाउंड शून्य. फाउल एक.
मी स्वेटर न घालताच जिना चढलो,
दार ठोठावलं, ओरडलो,
“वैजयंती, शून्य आलंय!”
वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बघायला लागले.
ती आतून जिरावणाची डबी हातात घेऊनच आली.
“दाखवा,” म्हणाली,
आणि मग, बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून,
“फाउल कशाचा?”
ते यात नसतं, मी म्हणालो.
“बसा. पोहे होतायत.”