निम्मं

बाटली पाण्याखालीच भरायची,
झाकणही पाण्याखालीच फिरवायचं.
एक बुडबुडा आत राहिला तरी
जे मोजायचं तेच त्यात निसटतं.
गावडोंगरीच्या झरीत कोपरापर्यंत हात घालून
मी तीनदा चुकले.
शाणू वेळीप कुळागराच्या बांधावर बसून बघत होता.
चौथ्यांदा जमलं. चिठ्ठी लावली:
जी-१७, शनिवार, संध्याकाळचे पाच.

"उदक बरें मगो, बाय?"
मोजून सांगते, म्हटलं.
त्याने असं पाहिलं
जणू मी त्याच्या आईची जन्मतारीख विचारली होती.

पणजीत कार्निव्हल. रस्ते बंद.
एका कागदी मगरीच्या शेपटीमागे आमची जीप तासभर,
मांडीवर बर्फाचा डबा,
डब्यात सांगे, केपे, काणकोण.
ताळगावला पोचेस्तोवर प्रयोगशाळेला कुलूप,
वॉचमनकडून उघडून बाटल्या कपाटात ठेवल्या
आणि चार दिवस गाव नाचत राहिलं.

कपाटात जी-१७ कमी होत होती.
पाणी तेवढंच, काठोकाठ.
कमी होत होतं ते,
ज्याला ना चव ना वास,
जे खडक कुणाला न विचारता सोडून देतो.

बुधवारी रोझालिना चर्चमधून थेट आली,
कपाळावर राखेची फुली, कमरेला किल्ल्या.
कुप्या भरल्या. तीन तास अंधारात.
पाऊण वाजता यंत्र सुरू.

आधी रिकामी कुपी.
तीही बोलते, मिनिटाला नऊ-दहा टिचक्या:
भिंतीतल्या चिऱ्यातून, आभाळातून,
कोण जाणे, थोड्या माझ्यातूनही.
नवीन होते तेव्हा मला वाटायचं यंत्र बिघडलंय.
आता ते वजा करते, आणि पुढे जाते.

मग जी-१७.
शनिवारचे पाच ते बुधवारचा पाऊण:
निम्मं व्हायला याला नेमका एवढाच वेळ लागतो.
आलेल्या आकड्याला दोनाने गुणलं.
वहीत या रकान्याचं नाव 'दुरुस्ती'.
दुरुस्त काहीच होत नाही.
फक्त हात पुन्हा कोपरापर्यंत गार होतो
आणि बांधावर कुणीतरी बसलेलं असतं.

आकडा लहान होता. घाबरण्यासारखा नव्हता.
(जी-२२चा पुन्हा घ्यावा लागेल.
त्या विहिरीच्या घरी अजून फोन केलेला नाही.)

शाणूला केला. मागे पंपाचा आवाज.
"उदक बरें आसा, शाणूबाब."
"तें म्हाका खबर आसा," तो म्हणाला.
"तूं परत केन्ना येतली?
बाटली भरपाक शिकयतां."