हौद्याचा काळा

खल्फानची पिकअप आली तेव्हा
हौदा नुकत्या पुसलेल्या फळ्यासारखा झाला होता.
बोट ओढलं, बोटाला पांढरी भुकटी.
"काळा कर," तो म्हणाला. "नवा होता तसा."
मी म्हटलं, नवा होत नाही. काळा होतो.
तो हसला.
सुवैकमध्ये ऑगस्टात कोणी हसलं
की घाम तोंडात जातो.

आमचं दुकान म्हणजे पत्रा, आणि पत्र्याची सावली.
त्यातली सावली महत्त्वाची.
तापलेल्या लाइनरवर काही लावू नये,
वरच्यावर सुकतं, डाग पडतात.
हे मला कुंजुमोनने शिकवलं
दोन गाड्या नासल्यावर.
(नासवल्या त्याने. पगार माझा कापला.)

आधी झाडू.
खजुराच्या बिया, लेंड्या, निळ्या दोरीचे धागे,
आणि खवले,
लाइनरच्या खरखरीत अंगात असे रुतलेले
की नखाने एकेक काढावे लागले.
तारलीचे. वासावरूनच कळलं.
दाभोळखाडीच्या काठाला
पोराच्या आधी त्याचं नाक शिकतं.

मग साबण, मग ब्रश,
एकदा उभा, एकदा आडवा, एकदा चिडून.
पाणी आधी दुधासारखं निघालं,
मग चहासारखं,
मग पाण्यासारखं.

मागच्या गल्लीत जळकं तेल फासून देतात,
दोन रियाल, हौदा आरसा.
संध्याकाळपर्यंत त्यावर अख्खं वाळवंट बसतं,
आणि सिलिंडर घसरत जातो मागच्या फळीपर्यंत.
चमक वेगळी, तेलकटपणा वेगळा.
आमचा पहिला मुकादम तेलकट होता.

केबिनला लागून बर्फाची पेटी होती,
लाकडी, चार बोल्ट, गंजून एकजीव.
खोलली, उचलली,
आणि खाली
काळा.
कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा,
दीड हात लांब, एक हात रुंद,
एक ओरखडा नाही.
एकवीस वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

खल्फान वाकून बघत राहिला.
"बाबाने पेटी बसवली तेव्हा
बोल्ट मी धरले होते," म्हणाला.
मी कामासाठी घड्याळ काढून ठेवलं होतं.
मनगटाकडे नजर जाऊ नये म्हणून
हात बादलीत घातला.

"एवढं सोड," तो म्हणाला.
मी म्हटलं, यालाच जास्त लागणार,
आजपासून यालाही ऊन आहे.
की पेटी परत बसवायची?
त्याने मान हलवली.
बर्फाची गाडी आता थेट किनाऱ्यावर येते,
आणि बाबा येत नाही.

मग स्पंज. पातळ हात.
जाड लावलं की ओघळतं.
तासभर थांबायचं, चहा प्यायचा,
पुन्हा पातळ.
शेवटी कोरड्या फडक्याने जास्तीचं उचलून घ्यायचं,
हे लोक विसरतात,
आणि मग महिन्याभरात हौदा चिकट झाला म्हणून
शिव्या बाटलीला.

राखाडी गेली.
चौकोन मात्र राहिला,
बाकीच्या काळ्यात थोडा अधिक काळा.
"दिसतोय," मी खालमानेने म्हटलं.
"दिसू दे."

त्याने तळहात फिरवला, उलटा करून पाहिला.
हाताला काही नाही.
"घसरणार नाही?"
नाही.
त्याने शीळ घातली.
मेव्हण्याच्या कुंपणातून तीन शेळ्या आणि एक बोकड
येऊन टणाटण चढले.
एकाचाही खूर सरकला नाही.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
बोकड फिरत फिरत
नेमका चौकोनात जाऊन उभा राहिला
आणि मुतला.

"उद्यापर्यंत पाणी मारू नकोस!" मी ओरडलो.
गाडी वळली होती.

पेटी अजून दुकानात आहे,
कुंजुमोन तिच्यावर बसून जेवतो.
त्या संध्याकाळी मी घड्याळ खिशात टाकलं
आणि बाह्या दुमडून
उरल्या उन्हातून खोलीवर गेलो.